नरहररावांची तस्दीक

नरहररावांसमोर एखाद्या वस्तूची स्तुती केली की त्यांचा चेहरा उतरायचा. कुणी आनंदानं सांगावं, "नवा पंखा घेतला, एकदम छान वारा देतो," आणि नरहररावांनी काळजीनं विचारावं, "आवाज किती दिवसांनी सुरू झाला?" सांगणारा हिरमुसायचा. त्याला वाटायचं, या माणसाला दुसऱ्याचं सुख बघवत नाही. तसं मुळीच नव्हतं. नरहररावांना दुसऱ्याच्या पंख्याचीसुद्धा मनापासून काळजी वाटायची.

आदिलाबादच्या आमच्या कचेरीत ते सीनियर असिस्टंट होते आणि मी टायपिस्ट. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. नोकरीसाठी मी एकटीच राहत होते, त्यांच्या घरासमोरच्या खोलीत, भाड्यानं. त्यामुळे दिवसभर ते कचेरीतले नरहरराव आणि संध्याकाळी समोरच्या ओसरीवरचे काका. निजामाच्या वेळचे उर्दू शब्द आमच्या कागदांवरून हटले नव्हते, तसे त्यांच्या तोंडातूनही हटले नव्हते. त्यांचा लाडका शब्द 'तस्दीक', म्हणजे शहानिशा. कुलूप लावलं की तीनदा ओढून तस्दीक. पाकीट टपालपेटीत टाकलं की पेटीच्या फटीत डोळा लावून तस्दीक. दूधवाल्यानं "ताजं आहे" म्हटलं की त्याच्याच समोर बोट बुडवून तस्दीक. दूधवाल्यानं पुढे पुढे "ताजं आहे" म्हणणंच सोडून दिलं.

टेबलफॅन घ्यायचा ठरला तेव्हा त्यांनी अकरा जणांना विचारलं. उन्हाळा निघून गेला, पावसाळा निघून गेला. फॅन घरी आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्वेटर घालून तो फिरताना पाहिला. इंदूकाकू, म्हणजे त्यांची बायको, शाल गुंडाळून म्हणाली, "वारा चांगला येते हो." नरहरराव म्हणाले, "आत्ता थंडीत काय समजते? मे महिन्यात सांगू."

हा स्वभाव कुठून आला, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. त्यांचे वडील कापसाच्या बाजारात एका अडत्याकडे कामाला होते. गाडी आली की ते वरच्या कापसाकडे बघायचेही नाहीत. बाही सरकवून खांद्यापर्यंत हात आत खुपसायचे आणि मधला मूठभर कापूस ओढून काढायचे, कारण ओला माल नेहमी मधेच दडवलेला असतो. नरहरराव लहानपणी हे बघत वाढले. पुढे त्यांनी माणसांच्या बोलण्यातही तसाच हात घालायला सुरुवात केली.

"वस्तू कशी आहे हे विचारूच नये, ताई," ते मला सांगायचे. "कुठं ठेवली ते पाहावं. चांगली वस्तू ओट्यावर राह्यते, डाग पडलेली. खराब वस्तू शोकेसमधे राह्यते, पुसून."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. आपल्या घरातल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, ही आमच्याकडची रीतच होती. "चांगली नाही, घेऊ नका" असं एखादीनं सांगितलं की ऐकणारी त्याचा एकच अर्थ लावायची: ही वस्तू माझ्या घरी यावी असं हिला वाटत नाही. म्हणून मिक्सर पार जळालेला असला तरी बाई हसून म्हणायची, "घ्या की, लई चांगला आहे." असे जळालेले मिक्सर आमच्या गल्लीत एकीच्या शब्दावर दुसरीनं, दुसरीच्या शब्दावर तिसरीनं घेतले होते. कुणी कुणाला बोल लावला नाही, कारण तिघींनीही पुढच्या चौथीला तेच सांगितलं होतं.

इंदूकाकूला पक्षाघाताचा झटका आला त्या वर्षी नरहररावांची तस्दीक दुप्पट झाली. पाय हळूहळू सुधारला, बोलणं थोडं जड राहिलं, पण उजवा हात गेला तो गेलाच. काकूचं माहेर हैदराबादचं. तिथून ती पितळेचा कॉफीचा फिल्टर आणि सकाळच्या कॉफीची सवय घेऊन आली होती. चहाच्या गावात तिनं तीस वर्षं आपली कॉफी चालवली होती. आता फिल्टरचं वरचं भांडं खालच्यातून उपसायचं तर दोन हात लागतात. उकळतं पाणी वर ओतायचं तर फिल्टर धरायला एक आणि पाण्याच्या भांड्याचा चिमटा धरायला एक. मग नरहरराव कॉफी करू लागले. ते पाणी उकळलं की नाही याची इतकी तस्दीक करायचे की निम्मं पाणी आटून जायचं. काकू तो कडूजहर काढा निमूट प्यायची.

एकदा ती मला म्हणाली, "मीना, भाकर दुसऱ्यानं करून दिली, चालते. वेणी दुसऱ्यानं घातली, चालते. पण सकाळची कॉफी माझ्या हातची पाहिजे होती गं. तेवढंच." हे बोलताना तिचे डोळे भरले होते.

तिच्याजवळ मासिकातलं एक जाहिरातीचं पान होतं. विजेवर चालणारं कॉफीचं मशीन. मागच्या टाकीत गार पाणी घालायचं, वरच्या जाळीत पूड घालायची, बटण दाबायचं. खाली काचेच्या भांड्यात कॉफीचं पाणी आपोआप ठिबकतं. काकूनं ते पान माझ्यापुढे धरलं आणि चित्रातल्या बाईवर बोट ठेवलं. "पाह्य, एकाच हातानं करून राह्यली."

नरहरराव बाजूला उभे होते. त्या पानाकडे बघून त्यांना घाम फुटल्याचं मी पाहिलं. वीज, उकळतं पाणी, काच आणि काकूचा एक हात. त्या दिवसापासून त्यांची चौकशी सुरू झाली आणि ती चौदा महिने चालली.

गावात असं मशीन तीन घरी होतं. एक बँकेतल्या अधिकाऱ्यांकडे, एक जिनिंगवाल्या शेठजींकडे, एक डॉक्टरांकडे. परक्याच्या स्वयंपाकघरात पुरुषमाणूस कसा शिरणार? म्हणून नरहररावांनी माझ्यावर मुआयन्याची, म्हणजे पाहणीची, कामगिरी सोपवली. संक्रांत जवळ आली होती. हळदीकुंकवाला कुठल्याही घरात सरळ आतपर्यंत जाता येतं.

"तोंडावर नका जाऊ, ताई. कुठं ठेवलं ते पाहा. झाकणावर धूळ आहे का पाहा. वायरीची घडी मोडली का पाहा," त्यांनी मला गल्लीच्या टोकापर्यंत येऊन बजावलं.

बँकवाल्यांकडे मशीन बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात होतं, किमतीच्या चिठ्ठीसकट. बाई म्हणाल्या, "फारच छान! आम्ही तर त्याच्याशिवाय राहूच शकत नाही." वायरीला दुकानातलं रबर तसंच होतं. शेठजींकडेही मशीन कपाटात होतं. शेठाणी म्हणाल्या, "बहोत बढिया चीज है, आँख मूँद के ले लो." नंतर त्यांच्या स्वयंपाकीणबाईनं सांगितलं, पाहुणे आले की त्यात नुसतं पाणी गरम करतात.

डॉक्टरांच्या घरी मात्र मशीन ओट्यावर होतं. वापरलेलं, तपकिरी डागांनी माखलेलं. डॉक्टरीणबाई तेलुगू, तोंडानं फटकळ. मी विचारलं तशा त्यांनी हातातली कुंकवाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "वद्दम्मा. मत लो. उलटी करता ये." बाजूच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बाहेर पडल्यावर एकजण म्हणालीच, "पाह्यलं? आपल्या एकटीकडंच राह्यलं पाहिजे तिला."

आणि मला ते पटलं. हे सांगायला आज लाज वाटते, पण पटलं. इतक्या वर्षांत आपल्या वस्तूला वाईट म्हणणारी बाई मी पाहिलीच नव्हती, तेव्हा वाईट म्हणते म्हणजे मनात काहीतरी काळंबेरं असणार असं मला वाटलं.

नरहरराव ओसरीवर वाट बघत होते. मी सगळं सांगितलं. दोन घरं त्यांनी तिथेच खोडली. तिसऱ्यापाशी अडकले.

"उलटी म्हंजे? पाण्याची का वाफेची?"

"ते नाही विचारलं, काका. बायका म्हणत होत्या, त्यांना दुसऱ्याकडे आलेलं आवडत नाही. त्यांचं फार मनावर घेऊ नका."

"पण ओट्यावर होतं म्हणता. डाग होते म्हणता. म्हंजे वापरून राह्यले. मग नको काऊन म्हणते? आणि नको तर मग वापरते काऊन?"

आयुष्यभर वापरलेलं माप पहिल्यांदाच त्यांना दगा देत होतं. पुढे कित्येक दिवस कचेरीत फाईल उघडून ते नुसते बसायचे. मधेच मान वर करून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "वाफेची असली तर डोळ्याला धोका." मी टाईप करता करता चुका करायचे.

शेवटी ते स्वतः डॉक्टरांकडे गेले. बाईंना सरळ विचारायचा धीर होईना म्हणून पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात बसले. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीतच होता. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, गोळ्या दिल्या. आतून बाई दोनदा येऊन गेल्या आणि दोन्ही वेळा नरहरराव पोट आणखी घट्ट धरून बसले. परत येऊन त्यांनी काकूला गोळ्या दाखवल्या. त्यांना काय झालंय या धास्तीनं काकूच दोन दिवस जेवली नाही.

चौदाव्या महिन्यात काकूनं मशीनचं नाव काढणं सोडलं. आधी ती आठ-पंधरा दिवसांनी एकदा विचारायची, "काय झालं चौकशीचं?" आता विचारेना. एका संध्याकाळी तिनं मला चिवडा दिला, तो त्या जाहिरातीच्या पानात बांधून. नरहररावांनी पुडी पाहिली. माझ्या हातातून घेतली, उलगडली, चिवडा वाटीत काढला आणि पान सरळ केलं. काकूनं आशा सोडली याची त्यांना जेवढी भीती वाटली, तेवढी विजेचीही कधी वाटली नसावी. पुढच्याच आठवड्यात कचेरीच्या कामानं ते हैदराबादला गेले आणि मशीन घेऊन आले.

पण घरी नेलं नाही! कचेरीतल्या रेकॉर्डच्या खोलीत लपवलं. आधी तस्दीक. रोज सकाळी सगळे यायच्या आत ते उजवा हात पंचानं पोटाशी बांधून घ्यायचे आणि एकट्या डाव्या हातानं मशीन चालवायचे, काकूला चालवावं लागेल तसंच. मला त्यांनी विश्वासात घेतलं होतं, पंचाची गाठ मारायला दुसरं कुणीतरी हवं होतं म्हणून. आठ दिवस त्यांनी नुसतं पाणी उकळलं. आठही दिवस ते शहाण्यासारखं ठिबकलं. मी म्हटलं, "झालं की काका, आता न्या." ते म्हणाले, "अजून एक दिवस. पूड घालून."

नवव्या दिवशी त्यांनी घरातल्या डब्यातली काकूची पूड कागदात बांधून आणली. जाळी भरली, बटण दाबलं. सुरुवातीला नीट चाललं. मग ठिबकणं थांबलं. पाणी वर चढायचं, पण खाली उतरेना. नरहरराव वाकून बघायला लागले आणि तेवढ्यात झाकण उचललं जाऊन उकळता काळा रेंदा चारी बाजूंनी भसाभस बाहेर आला. बटण बंद करायला त्यांनी डावा हात पुढे केला. उजवा तर बांधलेला. कोपरापासून मनगटापर्यंत हात रेंद्यात टेकून खालून भाजला. मी प्लग ओढला. ते ओरडले नाहीत. भिंतीला टेकून एवढंच म्हणाले, "ती असती तर? ताई, इथं ती असती तर?"

कुणी यायच्या आत मशीन पिशवीत कोंबून मी त्यांना दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरीणबाईंनी स्वतः पट्टी बांधली. टेबलाखाली ठेवलेल्या पिशवीतून मशीनची वायर बाहेर डोकावत होती. त्यांनी वायर पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पट्टीची गाठ मारली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खरं सांगणारी एकच बाई होती आणि मी तिचा निरोप पाणी घालून पोचवला होता.

घरी नरहररावांनी कचेरीतल्या चहाच्या किटलीवर आळ घेतला. आता त्या घरात दोन माणसं आणि कामाचे दोनच हात होते, तिचा डावा आणि त्यांचा उजवा. कॉफी बंद पडली. चार दिवस मी माझ्याकडून चहा नेऊन दिला. पाचव्या दिवशी काकूनं माझा पदर धरला.

"मीना, किटली वरून सांडते. ह्यांचा हात खालून भाजला. खरं सांग."

तीही शेवटी त्यांचीच बायको होती. मी सगळं सांगून टाकलं. पंचा, आठ दिवसांचं पाणी, डॉक्टरीणबाई, सगळं. नरहरराव दारात उभे राहून ऐकत होते. काकू त्यांना म्हणाली, "आणा ते इकडं."

त्यांनी माझ्या खोलीतून मशीन आणून तिच्यापुढे ठेवलं. जाळीत पूड अजून तशीच वाळून बसली होती. काकूनं डाव्या हाताच्या दोन बोटांत ती चोळली, वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"ही तर माझ्या फिल्टरची पूड. मैद्यासारखी बारीक दळून आणते मी. ह्या जाळीत ती चिखल होऊन बसंल नाई तर काय? ह्याला जाड पूड लागते, रव्यासारखी. डॉक्टरीणबाई तरी काय करते? तीही आपलीच बारीक पूड घालत असंल. म्हून ते डाग."

चार-पाच दिवस आम्ही दोघांनी त्या मशीनला शिव्या दिल्या होत्या.

मग काकूचा आवाज चढला. जड जिभेनं शब्द अडखळत होते, पण एकेक कळत होता. "बँकवाल्या बाईला विचारलं. शेठाणीला विचारलं. तिच्या स्वयंपाकीणीपर्यंत गेले. साऱ्या आदिलाबादला विचारलं तुमी. तीस वर्षं कॉफी कोण करून राह्यलं ह्या घरात? मला काऊन नाई विचारलं?"

नरहरराव खाली बघत म्हणाले, "तुला विचारलं असतं तर तू आणाच म्हटली असती."

"मग आणायचं होतं."

"आणि काही झालं असतं तर? एकदा होऊन गेलं इंदू. मी घरात नव्हतो तवा. पुन्हा काही झालं तर मी काय करू?"

ते रडत होते. पट्टी बांधलेला हात डोळ्यांपर्यंत नेता येईना आणि दुसऱ्या हातात त्यांनी मशीनची वायर घट्ट धरली होती. मी उठून माझ्या खोलीत निघून आले. चौदा महिने हा माणूस कशाची चौकशी करत होता ते मला तेव्हा समजलं. मशीनबद्दल त्यांना गावभर विचारता येत होतं. तिचं काही होणार नाही ना, हे ते कुणाला विचारणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी मंचेरियालला बदली झाली. निघायच्या सकाळी मी निरोप घ्यायला समोर गेले, तर नरहरराव अंगणात उभे होते. दारही ओढून घेतलेलं. मी विचारलं, "काय झालं?"

"आत येऊ नका म्हणाली. एकटीनं करते म्हणाली," ते कुजबुजले. "पूड जाड आणली. दुकानदाराला तीनदा दळायला लावली. ताई, आवाज येऊन राह्यला का? तुमचे कान चांगले आहेत. ऐका जरा."

मी कान दिला. आतून बुडबुडे ऐकू येत होते. मग थांबले. मग भांड्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. ते दाराकडे दोन पावलं गेले आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले.

दार काकूनं पायानं लोटलं. डाव्या हातात कप होता. पाहुण्याचा मान म्हणून पहिला कप तिनं मला दिला. पुन्हा आत गेली, पाय किंचित ओढत, आणि दुसरा कप घेऊन आली. थोडी कॉफी बशीत हिंदकळली होती. तो तिनं त्यांच्या हातात दिला आणि उंबऱ्यावर उभी राहिली. पदर घामानं भिजला होता आणि चेहरा असा उजळला होता की मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

मी घोट घेतला. कॉफी पाणचट होती, दाताखाली पूड लागत होती आणि साखर घालायची राहून गेली होती.

"कशी झाली हो?" काकूनं त्यांना विचारलं.

"फस्टक्लास!" नरहरराव म्हणाले. कप अजून त्यांनी तोंडाला लावलाही नव्हता.